मेटफॉर्मिनचं आडनाव काय?

मृण्मयी_अंधेरी

मंडळी, माझं काम औषधांना कोड लावायचं. क्लिनिकल ट्रायलमधले पेशंट आधीपासून काय काय घेतात ते केंद्रांवरून लिहून येतं. कुणी ब्रँड लिहितं, कुणी स्पेलिंगची वाट लावतं, कुणी नुसतं 'शुगरची गोळी, सकाळी एक' एवढंच लिहून मोकळं होतं. त्यातून औषध ओळखायचं आणि त्याला एटीसी कोड द्यायचा. हल्ली नव्या मुलांना शिकवायचंही माझ्याच गळ्यात आलंय, आणि शिकवताना मला सारखी आडनावं आठवतात. म्हणून हा धागा.

आधी कोडबद्दल. एटीसी ही जागतिक आरोग्य संघटनेची औषधांच्या वर्गवारीची पद्धत. नॉर्वेतल्या मंडळींनी सत्तरच्या दशकात ती घडवली, कोणत्या देशात कोणतं औषध किती खपतं हे एका मापाने मोजता यावं म्हणून. १९८२ पासून ऑस्लोतलं केंद्र तिचा कारभार बघतं. कोड सात अक्षर-अंकांचा. मेटफॉर्मिनचा घ्या: ए१०बीए०२. पहिला 'ए' म्हणजे पचनसंस्था आणि चयापचय. 'ए१०' मधुमेहाची औषधं. 'ए१०बी' त्यातली इन्सुलिन सोडून साखर कमी करणारी. 'ए१०बीए' बायग्वानाइड हे रासायनिक घराणं. शेवटचे '०२' म्हणजे खुद्द मेटफॉर्मिन. मतदारयादीत आधी आडनाव मग नाव येतं ना, तसं मोठ्याकडून लहानाकडे यायचं.

हा झाला कोड. औषधाच्या नावाची गोष्ट वेगळी. ब्रँडची नव्हे, मूळ औषधांची नावं हीच संघटना देते, १९५३ साली पहिली यादी निघाली. त्यात घराण्याला ठरलेला शेवट असतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल: सगळे 'ओलॉल'. एनालाप्रिल, रामिप्रिल: 'प्रिल'. लोसार्टन, टेल्मिसार्टन: 'सार्टन'. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन: 'ग्लिप्टिन'. त्या हिशोबाने मेटफॉर्मिनचं आडनाव 'फॉर्मिन'. त्याचा थोरला भाऊ फेनफॉर्मिन, कोड ए१०बीए०१. रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावायला लागली तेव्हा तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून आणि बऱ्याच देशांतून बाद झाला. धाकट्याला त्या बदनामीचे चटके बरीच वर्षं बसले. अमेरिकेत मेटफॉर्मिन १९९५ मध्ये बाजारात आलं, युरोपात ते १९५० च्या दशकापासून वापरात होतं. एका भावाने घोळ घातला की दुसऱ्याचं लग्न जमेना, तसलाच प्रकार.

तर प्रश्न असा: आपली आडनावं कोडसारखी आहेत की नावाच्या शेवटासारखी?

खडूस

दोन्ही नाहीत. कोड आणि शेवट, दोन्ही समितीने बसून ठरवलेले. आडनाव चिकटतं. आजोबा गिरणीत लागले तेव्हा मस्टरवर ज्याने जे लिहिलं ते. त्याआधी नाव, बापाचं नाव आणि गाव एवढ्यावर भागत होतं.

प्रिन्सेस_स्ट्रीट_काका

मृण्मयी, छान लिहिलंस. माझी उभी हयात औषधांच्या होलसेलमध्ये गेली. रस्त्याचं नाव शामळदास गांधी मार्ग होऊन जमाना झाला, पण हातगाडीवाल्याला आजही प्रिन्सेस स्ट्रीटच सांगावं लागतं. तेव्हा नावं बदलण्याबद्दल मला विचारू नका.

आमच्या धंद्यात तुमचा एटीसी कुणी बघत नाही. माल लागतो कंपनीप्रमाणे, नाहीतर ब्रँडच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. गिऱ्हाईक ब्रँड मागतं, तो शॉर्ट असला की पोऱ्या म्हणतो, "कंटेंट सेम आहे, कंपनी दुसरी, देऊ?" तुझा तो 'प्रिल' आणि 'सार्टन' इथे कामाला येतो. स्ट्रिपवर ब्रँड मोठा छापलेला, आणि मूळ नाव मुंगीएवढं. आमचे जुने लोक भिंग न घेता नुसता शेवट वाचून सांगायचे, हे बीपीचं, हे कोलेस्टेरॉलचं. शाळा फारशी झाली नव्हती कुणाची.

आडनावांचं म्हणशील तर धंद्यावरून आडनाव ही आमच्या पारशी व्यापाऱ्यांची खासियत. दारूवाला, दवावाला, काँट्रॅक्टर, इंजिनियर, डॉक्टर. होय, डॉक्टर आडनावाचे डॉक्टर असतात. सर जमशेटजी जीजीभाय जुन्या बाटल्यांचा व्यापार करायचे म्हणून त्यांना बाटलीवाला म्हणत. खरा पैसा आला तो चीनला जाणाऱ्या अफूतून आणि कापसातून, आणि त्यातला बराच दानधर्मात गेला. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतलं. अफूतून निघणारं मॉर्फिन आज तुझ्या यादीत कुठे बसतं?

मृण्मयी_अंधेरी

काका, एन०२एए०१. 'एन' म्हणजे मज्जासंस्था, 'एन०२' वेदनाशामकं. पण अफूतलंच कोडीन खोकल्यासाठी दिलं की ते 'आर' मध्ये, श्वसनसंस्थेत: आर०५डीए०४. एका बोंडातले दोघे, पत्ते वेगळे.

निवांत

एक शंका. मेडिकलच्या बिलावर प्रत्येक गोळीसमोर ३००४ असं काहीतरी छापलेलं असतं. हाच का तो कोड? आईच्या सगळ्या औषधांना सारखाच दिसतोय. आणि डिस्चार्ज कार्डवर ई११ आणि आय१० लिहिलंय ते काय?

डॉ_बिनफीचा

तिन्ही वेगळे. ३००४ हा एचएसएन, जीएसटीसाठी मालाचं वर्गीकरण. किरकोळ विक्रीला बांधलेलं बहुतेक औषध त्यातच पडतं, म्हणून सगळीकडे तोच आकडा. डॉक्टरला त्याचा उपयोग शून्य.

ई११ आणि आय१० हे आजारांचे कोड, आयसीडी-१० मधले. ई११ म्हणजे टाइप-२ मधुमेह, आय१० म्हणजे उच्च रक्तदाब. मेडिक्लेमवाले हेच बघतात. आजाराचा कोड आणि औषधाचा कोड दोन्ही एका अक्षराने सुरू होतात म्हणून लोक गोंधळतात. आयसीडीत 'एन' म्हणजे मूत्रसंस्था आणि जननसंस्था, एटीसीत 'एन' म्हणजे मज्जासंस्था. परदेशातल्या मुलाने आईबाबांची फाईल मागवली की पहिला घोळ इथेच होतो. एटीसीत 'ई' किंवा 'आय' ने सुरू होणारा गटच नाही. मुख्य गट चौदा आणि मधली कित्येक अक्षरं मोकळी. कागदावर ई११ दिसलं तर ते औषध नाही, एवढं पक्कं.

स्ट्रिपवर डावीकडे उभी लाल रेघ असते, ती बघा. ती म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. घरात तेवढी कळली तरी बरंच.

चौलचा_पाहुणा

'कर' हा आपला सर्वात मोठा 'ओलॉल'. पण तो कूळ सांगत नाही, पत्ता सांगतो. तोही सोडून आलेला पत्ता. पेणमध्येच राहिला तर त्याला पेणकर म्हणून ओळखणार कोण, तिथे सगळेच पेणचे. माणूस मुंबईला येतो, चाळीत तीन गणपत असतात, मग एक पेणकर होतो, एक रोहेकर.

याचं माझं आवडतं उदाहरण बेने इस्राएल. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. अलिबाग-पेण-रोह्याचा अख्खा नकाशा. गावात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. म्हणजे धंदा आणि धर्म एका नावात! एटीसीवाल्यांनाही इतकं आटोपशीर जमलं नसतं. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग मशीद बंदरजवळ, १७९६ चं. बांधणारे सॅम्युएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. मशीद स्टेशनला नाव त्या सिनेगॉगवरूनच पडलं असं जुने लोक सांगतात.

तेव्हा नुसतं दिवेकर ऐकून कुणाच्या देवघरात काय असेल याची पैज लावू नका. त्याच पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांत देसाई, दळवी, नाईक सर्रास सापडतात.

खडूस

आणि सगळे 'कर' गावाचेही नसतात. विणकर म्हणजे विणणारा. विण नावाचं गाव शोधत बसाल.

'नीस' मात्र भरवशाचा शेवट. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस. फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. दप्तरातल्या टेबलांची यादी आहे ती. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार बघणारा. हा एकच गट समितीने ठरवल्यासारखा वाटतो, कारण तो खरोखरच कचेरीत ठरला.

निवांत

विणकरवरून आठवलं. औषधातही असा एक विणकर आहे: निस्टॅटिन. 'स्टॅटिन' हा शेवट बघून कोलेस्टेरॉलची गोळी वाटेल. ते बुरशीवरचं औषध आहे, तोंडात पांढरा थर येतो त्यावर देतात. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला, नमुने पोस्टाने जायचे-यायचे. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात, म्हणून न्यूयॉर्क स्टेटचं 'निस्टॅटिन'. म्हणजे हा 'स्टॅटिन' खरं तर 'कर' आहे! आणि ज्या जंतूपासून ते मिळालं तो व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीत सापडला. शेतमालकाचं आडनाव नर्स, म्हणून जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस नर्सेई. स्पेलिंग पाहिलं तर दवाखान्यातल्या नर्सशी काही संबंध नाही.

कोलेस्टेरॉलवाले स्टॅटिन बरेच नंतर आले. आता त्यांचा अधिकृत शेवट 'व्हास्टॅटिन' असा लांब धरतात, अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. म्हणजे निस्टॅटिन आपोआप बाहेर.

आपल्याकडचंही एक आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली. तिथल्या संशोधकांनी हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं. ते ज्या जंतूपासून मिळतं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या याद्यांत एक पिंपरीकर बसलाय आणि पिंपरीत किती जणांना ठाऊक असेल शंकाच आहे.

डॉ_बिनफीचा

वा! गावाचं नाव घेतलेलं अजून एक: रॅपामायसिन. ईस्टर बेटाच्या मातीतून आलं, बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर देतात. अधिकृत नाव मिळताना ते सिरोलिमस झालं, गाव गेलं. तरी संशोधक मंडळी अजून रॅपामायसिनच म्हणतात. काकांचा प्रिन्सेस स्ट्रीट.

सासुरवाशीण

सॅल्ब्युटामॉल अमेरिकेत गेलं की अल्ब्युटेरॉल होतं आणि पॅरासिटामॉल अ‍ॅसिटॅमिनोफेन. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि बँकेत दोन्हींचे पुरावे मागणार. माझ्या नणंदेने न्यू जर्सीत दुकानात पॅरासिटामॉल मागितलं तर त्यांनी हात वर केले. शेजारच्या फळीवर भरलेलं होतं.

कोड मात्र दोन्हीकडे तोच असेल ना?

मृण्मयी_अंधेरी

तोच. पॅरासिटामॉल एन०२बीई०१, तिकडेही आणि इकडेही. म्हणूनच आमचं काम चालतं.

तुझ्यासारख्या जोडआडनाववाल्यांचीही सोय आहे. मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन एकाच गोळीत असलं तर ए१०बीडी०७. तो 'बीडी' गटच जोडगोळ्यांचा. आपल्याकडे हे प्रकरण फार. एका गोळीत दोन, तीन, कधी चार औषधं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर एकदम बंदी आणली होती, पुढे ते कोर्टात गेलं. आमच्या टेबलावर एखादं असं मिश्रण येतं की ऑस्लोवाल्यांनी ते स्वप्नातही पाहिलं नसेल. मग प्रत्येक घटक सुटा धरून लिहायचा आणि सीनियरकडे ढकलायचं.

चाळीतली_पूजा

धागा वाचतेय. आडनाव कोडसारखं नाही म्हणताय, पण लोक ते तसंच वापरतात. मागच्या वर्षी भाड्याचं घर बघत होतो. एजंटने फोनवर नाव विचारलं, मी पहिलं नाव सांगितलं. "हां, पण पुढे?" पुढे सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ओनरला विचारून सांगतो." तो फोन परत आला नाही. आडनाव उच्चारलं की समोरचा मनात एक टेबल उघडतो आणि रकाना शोधतो, तुम्ही कोडिंगला बसल्यावर करता तेच.

खडूस

रकाना चुकीचा निघतो ही त्यातली गंमत. आमच्या सोसायटीत पाटील किती! एक उरणचे आगरी, एक जळगावचे लेवा, एक सांगलीकडचे जैन, एक कोल्हापूरचे मराठा. पाटील म्हणजे गावाचा कारभारी, हुद्दा. देशमुख, कुलकर्णी, देसाई तेच. ज्याला वतन मिळालं त्याचं आडनाव झालं, मग तो कोणीही असो. पोस्टमनला विंग विचारावी लागते आणि या एजंट लोकांना आडनावावरून माणूस कळतो म्हणे.

डॉ_बिनफीचा

पूजाताई, तुमचा मुद्दा एटीसीतच चपखल बसतो. अ‍ॅस्पिरिन बघा. रेणू एकच. कोड तीन: तोंडातल्या स्थानिक उपचारासाठी ए०१एडी०५, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बी०१एसी०६, दुखण्यावर एन०२बीए०१. कोणता लावायचा ते नावावरून ठरतच नाही. कुणाला, किती मिलिग्रॅम, कशासाठी दिलंय ते विचारावं लागतं. मिनॉक्सिडिलचंही तसंच. गोळी रक्तदाबाची, सी०२डीसी०१. टक्कल पडलेल्यांच्या डोक्याला लावायचा द्राव डी११एएक्स०१. कोडिंग शिकणारा पोरगासुद्धा आधी डोस बघतो, आणि एजंट आडनावावर थांबतो.

निवांत

डॉक्टर, अ‍ॅस्पिरिनवरून विचारतो. बाबांना अँजिओप्लास्टीनंतर ७५ ची दिली आहे. त्यांनी नेटवर वाचलं की अ‍ॅस्पिरिन म्हणजे पेनकिलर. आता म्हणतात, मला कुठे काही दुखत नाही, मग कशाला घेऊ? दोन वेळा गोळी डबीत तशीच सापडली.

डॉ_बिनफीचा

आजच बोला त्यांच्याशी. ७५ मिलिग्रॅम ही दुखण्यावरची मात्राच नाही. दुखण्यासाठी ३०० च्या पुढे द्यावी लागते. त्यांची गोळी बी०१ वाली. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आहे, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो. दुखत नाही याचा अर्थ गोळीची गरज नाही असा होत नाही. त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवायची नाही. बरोबर दुसरी रक्त पातळ करणारी गोळी असेल, क्लोपिडोग्रेल वगैरे, तर तीही बघा, डबीत राहिली नाही ना. काळी शी किंवा पोटात जळजळ असेल तर मात्र लगेच कळवा.

प्रिन्सेस_स्ट्रीट_काका

निवांत, डबीऐवजी स्ट्रिपच ठेवायला सांग. बाहेर काढलेली पांढरी गोळी सगळ्यांची सारखीच दिसते. स्ट्रिपच्या मागे स्केचपेनने 'हृदय' लिही. आमच्या दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना असंच लिहून द्यायचो, बीपी, शुगर, हृदय.

चाळीतली_पूजा

माझ्या बहिणीने घटस्फोटानंतर नाव बदललं. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातून राजपत्रात छापून आणलं, आता आडनावाच्या जागी आईचं नाव लावते. त्या एजंटलोकांची टेबलं कशी उघडतात ते बघायला मजा येते. "पुढे?" "पुढे हेच." मृण्मयी, औषधांचे कोड असे बदलतात का?

मृण्मयी_अंधेरी

बदलतात. दर जानेवारीत नवी आवृत्ती येते, सोबत बदलांची यादी. अमुक औषध इथून काढून तिथे ठेवलं. आमच्याकडे जानेवारी म्हणजे डोकेदुखी, कारण चालू ट्रायल जुन्या आवृत्तीवर असतात आणि नवीन सुरू होणारे नव्यावर. एकाच औषधाला दोन फायलींत दोन कोड, आणि दोन्ही बरोबर. बहिणीला सांग, पॅन आणि आधार एकाच वेळी बदलून घे. नाहीतर तिचंही आमच्या जानेवारीसारखं होईल.

सासुरवाशीण

आणि गॅझेटच्या चार-पाच प्रती जास्तीच्या काढून ठेव म्हणावं. प्रत्येक टेबलावर एक ठेवून घेतात.